पानथरीच्या नसा आणि उतारवय

सोलापूरच्या नवी पेठेतल्या औषधांच्या दुकानांत ऐन थंडीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, घरातल्या ज्येष्ठांसाठी प्रतिकारशक्तीचं टॉनिक मागितलं जातं. त्यामागची समजूत अशी, की प्रतिकारशक्ती टाकीतल्या पाण्यासारखी असते. पातळी खाली गेली की वरून ओतायचं. पण रोगाशी लढणाऱ्या पेशी किती आहेत याइतकंच त्यांना हुकूम कसा पोचतो, हेही महत्त्वाचं. तो काही अंशी मज्जातंतूंतून पोचतो आणि वयाबरोबर ही व्यवस्थाही बदलते.

डाव्या बरगड्यांखालची पानथरी घ्या. 1980च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड फेल्टन, सुझान फेल्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तिथले सिम्पथेटिक मज्जातंतू रक्तवाहिन्यांपाशीच थांबत नाहीत; त्यांची टोकं लिम्फोसाइट या रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या अगदी लगत जातात आणि निरोप नेणारं रसायन नॉरअॅड्रेनलिन सोडतात. शरीरातला दाह मेंदू मज्जातंतूंमार्फत आवरतो, ही मांडणी केविन ट्रेसी यांनी 2002 साली ‘नेचर’मध्ये केली; पानथरीतला शेवटचा निरोप याच तंतूंवरून जातो, हे पुढच्या प्रयोगांतून दिसलं. प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या उंदरांच्या पानथरीत हे तंतू विरळ झालेले आढळले. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत मात्र उलटं चित्र: ग्रंथी आक्रसते, तंतू टिकतात, म्हणून उरलेल्या भागात ते दाट दिसतात. तेव्हा ‘वय झालं की नसा सुकतात’ असं सरसकट म्हणता येत नाही.

हे सगळं उंदरांचं, माणसाचं काय? आक्षेप रास्त आहे. उंदरांच्याही सगळ्या जातींत बदल सारखा नसतो. पण 1996 साली जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या ज्येष्ठांना फ्लूची लस दिली. त्याच वयाच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या लोकांपेक्षा त्यांचा प्रतिसाद कमी पडला. वय सारखंच असल्यानं फरकाचं खापर वयावर फोडता येत नाही. दोष एकट्या तंतूंचा, असंही सिद्ध होत नाही. ताणाची संप्रेरकंही त्यात असणार. तरी मनावरचा भार लसीच्या परिणामापर्यंत पोचतो, एवढं नक्की.

मग नसांच्या ताकदीचं इंजेक्शन घ्यावं का? बी-12 कमी असेल तर जरूर घ्या, पण पानथरीचे तंतू त्यानं पुन्हा वाढतात याला आधार नाही. पार्किन्सनवरच्या डेप्रेनिलनं म्हाताऱ्या उंदरांत ते काही प्रमाणात परतले. निष्कर्ष उमेद देणारा आहे. पण म्हणून ते औषध प्रतिकारशक्तीसाठी मागू नये. त्यापेक्षा दरवर्षी फ्लूची लस घ्या, न्यूमोनियाच्या लशीबद्दल विचारा, झोप सांभाळा. घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर शुश्रूषा करणाऱ्या सुनेला किंवा म्हाताऱ्या पत्नीला आठवड्यातून काही तास सुट्टी द्या. माझ्या मते टॉनिकच्या बाटलीपेक्षा हा खर्च सत्कारणी लागतो. उतारवयात जंतुसंसर्ग असूनही ताप येईलच असं नाही. अचानक बरळणं, जेवण तुटणं किंवा धाप लागणं दिसलं, तर थर्मामीटरवर विसंबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नॉरअॅड्रेनलिनचा परिणाम अडवणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या रक्तदाबासाठी वा हृदयासाठी अनेकजण घेतात. या गोळ्यांमुळे प्रतिकारशक्ती खचेल, या भीतीनं त्या स्वतःहून बंद करू नका. एकदम सोडल्यास छातीत दुखणं किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो आणि तो धोका आजचा आहे.