नखांची गळती : लक्षण आणि कारण

आंबेगाव तालुक्यातील निरगुडसर परिसरात शेतात राबणाऱ्यांची नखे झिजतात, तुटतात, काळवंडतात. त्यामुळे नखाच्या विकाराकडे सहसा कोणी गांभीर्याने पाहत नाही. तथापि, काही बदल शरीरातील बिघाडाची खूण असतात. नख खोलगट होऊन त्यावर पाण्याचा थेंब ठरू लागला, तर लोहाच्या कमतरतेची शंका घ्यावी. ही ‘चमचानखे’ बऱ्याच आरोग्यसेविकांना परिचित आहेत. नखे मुळापासून सुटून गळणे हा प्रकार मात्र विरळा होय.

नखाची घडण कातडीखालच्या मुळाशी होते. हाताचे नख महिन्यास सुमारे ३ मिलिमीटर वाढते. पुरते नवे येण्यास सुमारे सहा महिने लागतात. मुळाशी वाढ मंदावली की नखावर आडवी खाच उमटते. ती मुळापासून किती दूर आहे, यावरून बिघाड केव्हा झाला याचा अदमास बांधता येतो. फ्रेंच वैद्य बो यांनी १८४६ मध्ये हे दाखवून दिले. वाढ पुरती खुंटली, तर जुने नख सुटून पडते. लहान मुलांमध्ये हात-पाय-तोंडाच्या साथीनंतर काही आठवड्यांनी असे घडते. नवे नख आपोआप येते. घाबरण्याचे कारण नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील प्रकार निराळा होता. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील गावांत अनेकांचे केस अचानक गळून टक्कल पडू लागले. प्रथम बुरशीचा व पाण्याचा संशय घेतला गेला. ठरलेले विवाह मोडल्याची वृत्तेही आली. एप्रिल २०२५ मध्ये त्यांपैकी काहींची नखे विद्रूप होऊन गळू लागली. आधी केस आणि मग नखे, हा क्रम दोहोंच्या वाढीच्या गतीशी जुळतो. रुग्णांच्या रक्तात सेलेनियमचे प्रमाण अधिक आढळले. विंचूदंशावरील संशोधनामुळे ख्यातकीर्त झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रास्तभाव दुकानातील गव्हाकडे बोट दाखविले. चीनमधील एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या प्रारंभी दगडी कोळशातील सेलेनियम जमिनीत व तेथून पिकांत उतरले, तेव्हाही लोकांचे केस आणि नखे गेली होती.

सेलेनियम अल्प प्रमाणात शरीरास आवश्यकच आहे. अतिरेकाने श्वासास लसणासारखा दर्प येतो व केस-नखे जातात. केसगळतीवर मनाने गोळ्या घेणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे, कारण काही गोळ्यांत सेलेनियमच असते.

एखाद्याचेच एक-दोन नखे जाड, पिवळी झाली, तर बहुधा बुरशी असते. पण एकाच सुमारास अनेक घरांत, अनेक बोटांची नखे गळू लागली, तर शिक्षकांनी वा पंचायत सदस्यांनी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. रुग्णाचे वय, लक्षणाचा दिनांक, धान्य व पाणी कोठून येते, याची नोंद ठेवावी. घरात शिल्लक असलेले धान्य फेकून न देता त्यातील मूठभर बंद पिशवीत, तारीख लिहून, तपासणीसाठी राखून ठेवावे.