परगावचा विद्यार्थी आणि विजेची मोटार

प्रास्ताविक

शिक्षणासाठी घर सोडून दूरच्या शहरात गेलेल्या विद्यार्थ्याला खोली, खाणावळ आणि प्रवास यांची व्यवस्था प्रथम लावावी लागते. त्याच्याजवळ विजेवर चालणारी मोटार असेल, तर आणखी एक प्रश्न उभा राहतो : ती चार्ज कोठे करायची? स्वतःच्या घरी हा प्रश्न भिंतीवरील सॉकेटपाशी सुटतो. परक्या शहरात मात्र सॉकेट दुसऱ्याचे, मीटर दुसऱ्याचे आणि गाडी उभी करण्याची जागाही दुसऱ्याची असते. महाराष्ट्रातून चेन्नईला शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊन प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• गाडीला रोज किती वीज लागते याचा हिशेब मांडणे;
• चार्जिंगच्या विविध सोयींची तुलना करणे;
• सुरक्षिततेचे नियम सांगणे;
• परवानगीसाठी मुद्देसूद अर्ज लिहिणे.

मूळ पाठ

चेन्नईचा विजेवरील वाहनांशी असलेला संबंध जुना आहे. १८९५ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये विजेची ट्राम सुरू झाली. ती १९५३ पर्यंत चालली. १९३१ मध्ये बीच ते तांबरम या मार्गावर विजेची उपनगरी रेल्वे धावू लागली. पुढे आयआयटी मद्रासमध्ये शिकलेल्या तरुण मेहता व स्वप्निल जैन यांनी २०१३ मध्ये विजेच्या स्कूटरी बनवणारी ‘एथर एनर्जी’ ही कंपनी स्थापन केली. २०१९ मध्ये ह्युंदाईची ‘कोना’ ही विजेची मोटार चेन्नईजवळच्या कारखान्यातून बाजारात आली. ट्राम आणि रेल्वे यांना मार्गावरच वीज मिळते. मोटारीला ती साठवून न्यावी लागते. म्हणूनच मोटार रात्रभर कोठे उभी राहते, या गोष्टीला सर्वाधिक महत्त्व येते.

गरजेचा हिशेब

एक किलोवॉट शक्तीचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते. एखाद्या लहान मोटारीच्या बॅटरीत ३० युनिट वीज मावते असे समजू. घरातील मोठ्या, म्हणजे १५ अँपिअरच्या सॉकेटमधून सुमारे ३ किलोवॉट दराने वीज मिळते. काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्यामुळे पूर्ण रिकामी बॅटरी भरण्यास अकरा-बारा तास लागतात.

हा आकडा ऐकून विद्यार्थी धास्तावतो. परंतु बॅटरी रोज रिकामी होत नाही. तांबरमला राहून गिंडीच्या महाविद्यालयात जाणाऱ्याचा जाऊन-येऊन प्रवास सुमारे ३० किलोमीटर होतो. एका युनिटमध्ये गाडी सहा किलोमीटर जाते असे धरले, तर रोजची गरज पाच युनिटांची ठरते. ती सुमारे दोन तासांत भागते. पाण्याची टाकी रोज जेवढी उपसली जाते तेवढीच भरावी, तसा हा व्यवहार आहे. त्यासाठी मोठ्या यंत्राची आवश्यकता नाही; एक सुरक्षित सॉकेट आणि ते वापरण्याची परवानगी पुरेशी आहे. यांपैकी परवानगी मिळवणे हेच अधिक कठीण असते.

उपलब्ध सोयी

पहिली सोय वसतिगृहाची. अनेक संस्थांत विद्यार्थ्यांनी मोटारी आणण्यावर निर्बंध असतात. म्हणून प्रवेश घेतानाच गाडी ठेवता येईल का, चार्जिंगची जागा आहे का, विजेचे पैसे कसे आकारले जातात, हे विचारून घ्यावे. खोलीच्या खिडकीतून वायर खाली सोडून गाडी चार्ज करणे हा धोकादायक मार्ग होय. त्यात वसतिगृहाची वीज न विचारता वापरली जाते, हा दोष वेगळाच.

दुसरी सोय भाड्याच्या घराची. वाहने चार्ज करणे ही सेवा आहे, त्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या किंवा कार्यालयाच्या चालू वीजजोडणीवरून वाहन चार्ज करण्यास मुभा दिली आहे. तथापि भाडेकरूला घरमालकाची, आणि वाहनतळ सामाईक असल्यास इमारतीच्या संघाचीही संमती घ्यावी लागते. घरमालकाची मुख्य शंका बिलाविषयी असते. तमिळनाडूत घरगुती बिल दोन महिन्यांनी येते आणि वापर वाढला की वरच्या टप्प्याचा दर लागू होतो. गाडीची वीज वेगळी मोजणारे उपमीटर बसवले, तर कोणाचा खर्च किती याविषयी वाद राहत नाही.

तिसरी सोय सार्वजनिक चार्जिंग केंद्राची. ३० किलोवॉटच्या जलद यंत्रावर आपल्या उदाहरणातील बॅटरी दहा टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत भरण्यास पाऊण ते एक तास लागतो. ऐंशी टक्क्यांनंतर बॅटरीच्या रक्षणासाठी वेग कमी होतो. म्हणून तेथेच थांबणे सोयीचे. या केंद्रांचा दर साधारणपणे घरगुती विजेहून अधिक असतो. निघण्यापूर्वी केंद्र चालू आहे का आणि तेथील प्लग आपल्या गाडीला जुळतो का, हे मोबाइलवर पाहून घ्यावे. रोजच्या गरजेसाठी केवळ याच सोयीवर विसंबणे वेळ आणि पैसा या दोन्ही दृष्टींनी महाग पडते.

सुरक्षितता

चार्जिंगच्या सॉकेटला योग्य अर्थिंग हवे, वायर पुरेशी जाड हवी आणि विजेचा प्रवाह गळू लागताच तो तोडणारे साधन हवे. हे काम परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. साधा एक्स्टेन्शन बोर्ड कित्येक तास मोठा प्रवाह वाहून नेताना तापतो व आगीला कारण ठरतो.

चेन्नईत आणखी एक काळजी घ्यावी लागते. डिसेंबर २०१५ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ च्या मिचाँग चक्रीवादळात वेळचेरीसारख्या सखल भागांत पाणी शिरले होते. यास्तव सॉकेट जमिनीपासून उंचावर असावे. अतिवृष्टीची सूचना मिळताच गाडी उंच जागी हलवावी. पाण्यात उभी राहिलेली गाडी तपासणीशिवाय चार्ज करू नये. दीर्घ सुट्टीत घरी जाताना बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्म्याच्या आसपास ठेवावी.

योग्य निवड

रोजचा प्रवास थोडा असेल, तर मोटारीचा आग्रह धरण्याचे कारण नाही. विजेच्या स्कूटरला सुमारे तीन युनिट वीज पुरते. उपनगरी रेल्वे आहे, २०१५ पासून मेट्रो आहे, आणि जून २०२५ मध्ये शहराच्या बससेवेत विजेच्या बसही दाखल झाल्या आहेत. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथे पैशाइतकीच जागेलाही लागू पडते.

ज्याला मोटार आवश्यकच आहे, त्याने परवानगी लेखी मागावी. तोंडी विनंतीचा पुढे विसर पडतो. लेखी अर्जात दोन्ही पक्षांच्या जबाबदाऱ्या स्पष्ट राहतात. रोजची अंदाजे युनिटे, चार्जिंगची वेळ, उपमीटरचा खर्च कोण करणार, बिल केव्हा चुकते होणार आणि घर सोडताना जोडणी कशी काढली जाईल, एवढे मुद्दे त्यात यावेत. असा अर्ज वाचणाऱ्याच्या मनातील शंका बोलून दाखवण्याआधीच दूर होतात. परक्या शहरात, भाषा पुरती अवगत नसतानाही, चोख हिशेब विश्वास मिळवून देतो.

शब्दार्थ

निर्बंध – बंधन. मुभा – मोकळीक. सामाईक – सर्वांच्या मालकीचे. यास्तव – म्हणून. सखल – खोलगट. अवगत – माहीत असलेले

पाठगत प्रश्न

१. योग्य शब्द निवडून वाक्ये पूर्ण करा.
(अ) मद्रासमध्ये विजेची ट्राम ............ साली सुरू झाली. (१८९५ / १९३१ / १९५३)
(आ) गाडीची वीज वेगळी मोजण्यासाठी ............ बसवतात. (अर्थिंग / उपमीटर / बॅटरी)
२. एका युनिटमध्ये सहा किलोमीटर जाणारी गाडी रोज ४२ किलोमीटर चालते. तिला रोज किती युनिट वीज लागेल?

स्वाध्याय

१. वसतिगृह, भाड्याचे घर आणि सार्वजनिक केंद्र या सोयींची तुलना आठ-दहा वाक्यांत करा.
२. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ या म्हणीचा अर्थ सांगून ती पाठातील आशयाला कशी लागू पडते ते लिहा.
३. तुम्ही भाड्याच्या घरात राहता असे समजून, चार्जिंगची जोडणी घेण्यासाठी घरमालकांना अर्ज लिहा. पाठात दिलेले पाचही मुद्दे त्यात आणा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) १८९५ (आ) उपमीटर २. ७ युनिट