एक रात्र वसतिगृहात

(महाविद्यालय निवडताना आपण गुणपत्रिका आणि माहितीपत्रक पाहतो, तेथे राहायचे कसे, हा विचार मागे पडतो. प्रवेशापूर्वी एक रात्र तेथे राहून पाहिल्याने काय साधते, हे लेखकाने या पाठात स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे.)

मुरूडजवळच्या आमच्या गावात समुद्राची गाज रात्रभर ऐकू येते. लहानपणापासून त्या आवाजातच मला झोप लागे. मी बारावी पास झालो आणि मुंबईच्या एका महाविद्यालयात मला प्रवेश मिळाला. वसतिगृहात जागाही मिळाली. जहाजावरच्या नोकरीत साठवलेल्या पैशांतून अब्बांनी फी भरली. आमच्या घरातील कोणीही त्यापूर्वी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते.

जुलै महिना होता. एस.टी.तून उतरलो, तेव्हा धो धो पाऊस पडत होता. खोली सापडली, पण रात्री जेवायला गेलो, तर दारावरच्या माणसाने मेसचे कार्ड मागितले. ते कोठे मिळते, हे मला ठाऊक नव्हते. विचारावेसे वाटले; पण माझे शालेय शिक्षण उर्दूतून झालेले. मराठी बोलताना चूक झाली तर मुले हसतील, या भीतीने मी तोंडच उघडले नाही. अम्मीने दिलेल्या नानखटाईवर ती रात्र काढली. दुसरी रात्रही तशीच गेली. तिसऱ्या दिवशी पेटी उचलली आणि पहिल्या गाडीने घरी परतलो.

अब्बा रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "बेटा, तुझे मन लागत नसेल, तर मी जबरदस्ती करणार नाही." त्यांचे ते शांत बोलणे माझ्या मनाला फार लागले.

आमच्या शेजारचा एक मुलगा मुंबईतच दुसऱ्या महाविद्यालयात शिकत होता. आम्ही त्याला भाईजान म्हणत असू. तो दोन दिवसांसाठी गावी आला होता. माझी हकिकत ऐकून तो म्हणाला, "तू कॉलेज सोडून आलास, पण तू ते पाहिलेस कुठे? चल, एक रात्र माझ्या खोलीवर राहा. मग काय ते ठरव."

मी त्याच्याबरोबर गेलो. त्याने वॉर्डनसाहेबांची परवानगी घेतली आणि पाहुण्यांच्या वहीत माझे नाव लिहिले. मेसचे कार्ड कार्यालयात मिळते, वाचनालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते, कपडे कोठे धुवायचे, हे सारे त्याने मला दाखवले. रात्री त्याच्या खोलीतील बीडचा मुलगा म्हणाला, "पहिला महिनाभर मला झोप येत नव्हती. आमच्याकडे एवढा पाऊस कुठला? त्या आवाजाने मी सारखा जागा होई."

मी म्हणालो, "मला तर समुद्राच्या आवाजावाचून झोप येत नाही!" सगळे हसले. माझ्या मराठीत चुका झाल्या असतील. पण हसले ते माझ्या मराठीला नव्हे, आमच्या दोघांच्या झोपेला. त्या रात्री मला एक गोष्ट कळली. घरची आठवण एकट्या मलाच येत नव्हती.

सकाळी मी माझ्या महाविद्यालयात गेलो. पहिले काम केले ते कार्ड मागण्याचे, आणि तेही मराठीत. तीन वर्षांनी पदवी घेऊनच गावी परतलो.

विद्यार्थी मित्रांनो, अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत अशी सोयच असते. प्रवेश घेऊ इच्छिणारा मुलगा किंवा मुलगी तेथील विद्यार्थ्याच्या खोलीत एक रात्र राहते, दुसऱ्या दिवशी वर्गात बसते आणि मग निर्णय घेते. आपल्याकडे ही पद्धत फारशी रूढ नाही. तरी भारत सरकारने २००८ साली सुरू केलेल्या 'इन्स्पायर' योजनेत अकरावीच्या विज्ञान शाखेतील निवडक विद्यार्थ्यांसाठी पाच दिवसांची निवासी शिबिरे भरवली गेली. शास्त्रज्ञांची व्याख्याने ऐकण्याबरोबरच घरापासून दूर राहण्याचा अनुभवही मुलांना त्यांत मिळाला.

रात्री राहणे शक्य नसेल, तर दिवसा जाऊन या. आपल्याच जिल्ह्यात लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. अलिबागला जे. एस. एम. महाविद्यालय आहे. जाताना आई-वडिलांना बरोबर न्या. मुलींच्या घरच्यांना तर राहण्याची जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय धीर येत नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. आधी पत्र किंवा फोन करून परवानगी घ्या. जेवण, पाणी, दवाखाना, रात्री परतण्याची वेळ, यांविषयीच्या नियमांचा खुलासा करून घ्या.

जी जागा पाहता येत नाही, तिच्याविषयी तेथे राहिलेल्याकडून ऐकावे. जंजिऱ्याच्या नाझली बेगम यांची बहीण अतिया फैजी १९०६ साली अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेली. तेथील दिनक्रम ती उर्दूत लिहून घरी पाठवी. पुढे त्याचे 'जमाना-ए-तहसील' हे पुस्तक झाले. तुमच्या गावातूनही कोणीतरी शिकायला बाहेर गेले असेल. त्यांना विचारा. विचारायला लाजू नका. मी दोन रात्री लाजलो आणि तीन वर्षांचे शिक्षण गमावून बसणार होतो.

शब्दार्थ
गाज – लाटांचा आवाज
रूढ – प्रचारात असलेले
दिनक्रम – रोजच्या कामांचा क्रम
निवासी – राहण्याची सोय असलेले

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने पहिल्या रात्री काय खाल्ले?
(आ) बीडच्या मुलाला झोप का येत नव्हती?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) लेखकाने मेसच्या कार्डाविषयी कोणालाही विचारले नाही.
(आ) अब्बांचे शांत बोलणे लेखकाच्या मनाला लागले.

प्र. ३. 'हकिकत' आणि 'खुलासा' हे शब्द उर्दूतही आहेत. मराठीत त्यांचा अर्थ कसा बदलला, ते पाठातील वाक्यांवरून सांगा.

उपक्रम : तुमच्या गावातील एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला विचारण्यासाठी पाच प्रश्न मराठीत तयार करा. त्याला भेटून त्यांची उत्तरे वहीत लिहा.