तापलेल्या गुडघ्याची हयगय

माझ्या उजव्या गुडघ्याचा संधिवात बारा वर्षांचा जुना असल्यामुळे, जिना चढताना कळ येणे, पावसाळ्यात सांधा आखडणे आणि निर्गुडीच्या तेलाने चोळून शेक घेतला म्हणजे सकाळपर्यंत आराम पडणे, हा क्रम माझ्या इतका अंगवळणी पडला होता की, तोच गुडघा जेव्हा एका रात्रीत नारळाएवढा सुजला, हात लावताच पोळू लागला आणि हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हाही मी तो वाताचाच प्रकोप समजलो. दहा दिवसांपूर्वी त्याच सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले होते आणि मधुमेहही होता. पण या गोष्टींची सांगड घालण्याचे मला सुचले नाही, आणि जेथे सुई टोचली त्या दवाखान्यातूनही फोनवर 'दोन दिवस शेका' एवढेच सांगण्यात आले.

मी सहा दिवस शेकले. त्याहून मोठा अपराध म्हणजे, मागच्या दुखण्यातून उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या मी आपल्या अखत्यारीत घेतल्या. अखेर सुनेने हट्टाने रुग्णालयात नेले, तेव्हा गुडघ्यातून सुईने काढलेले पाणी तांदळाच्या पेजेसारखे गढूळ निघाले आणि त्यात दर घनमिलिमीटरमागे ५०,००० हून अधिक पांढऱ्या पेशी आढळल्या. म्हणजे सांध्यात पू झाला होता, याविषयी शंका उरली नाही. परंतु जंतू वाढवून पाहण्याची तपासणी कोरी आली. माझ्या गोळ्यांनी जंतू मेले नव्हते, फक्त त्यांचा माग पुसला गेला होता, आणि डॉक्टरांना नेमके औषध निवडण्याऐवजी अंदाजाने चालावे लागले.

नुसत्या औषधाने हे का भागत नाही, ही गोष्ट मला त्या खाटेवर कळली. सांध्यातील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि पुवाच्या साक्यात औषध पुरेसे पोहोचत नाही. उलट पुवातील विकरे काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतात. म्हणून दुर्बिणीने सांधा लिटरच्या लिटर सलाईनने धुवावा लागतो. माझा दोनदा धुतला. तरीही, आधीच झिजलेल्या त्या सांध्यात वाचवण्याजोगे काही उरले नव्हते. तेव्हा हाडांची दूषित टोके कापून त्यांच्या जागी प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवण्यात आला. सिमेंटमध्ये प्रतिजैविक मिसळण्याची युक्ती १९७० च्या सुमारास हॅम्बुर्गचे शल्यचिकित्सक बुखहोल्त्स यांनी रूढ केली. सिमेंट घट्ट होताना तापते, म्हणून ती उष्णता सोसणारेच औषध त्यात चालते, आणि ते आठवडेच्या आठवडे आसपासच्या ऊतींत झिरपत राहते. सहा आठवडे शिरेतून औषध, दर आठवड्याला सीआरपी ही दाह मोजणारी रक्ततपासणी, काठीवर भार देऊन न्हाणीघरापर्यंतची यातायात, आणि मग पुन्हा पाणी काढून ते निर्जंतुक ठरल्यावर दुसरी शस्त्रक्रिया होऊन कृत्रिम सांधा, असा तो लांबलचक प्रवास झाला. २०१७ पासून सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली आहे खरी. परंतु औषधे, खाट आणि दोन शस्त्रक्रिया यांचा खर्च तिच्याबाहेरच राहतो, आणि माझ्या निवृत्तीच्या शिलकीतला मोठा हिस्सा त्यात गेला.

संधिवाताच्या रोग्याचे दुर्दैव असे की, त्याला दुखण्याची सवय झालेली असते. परंतु वाताचे दुखणे हळूहळू वाढते, सकाळी आखडते आणि चालल्यावर सैल होते. पुवाचा सांधा मात्र अंशभरही हलवू देत नाही. हा फरक मला त्या वेळी कोणी सांगितला असता, तर निदान चार दिवस तरी वाचले असते.

माझा गुडघा आज नव्वद अंशांपर्यंत वळतो; मांडी घालून जेवायला बसणे कायमचे सुटले. तुमचा दुखरा सांधा एकाएकी तापला, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा, घरातली कोणतीही प्रतिजैविकाची गोळी तोंडात टाकू नका, आणि त्याच दिवशी जेथे सांध्यातील पाणी काढून तपासण्याची सोय आहे, असे रुग्णालय गाठा.