फाळक्यावरचा आकडा आणि आरसीवरचं वजन

कांद्याचा हंगाम सुरू झाला की सोलापूरच्या मार्केट यार्डात एक प्रश्न दिवसभर कानावर येतो, "किती टनाची पासिंग?" विचारणारा आडत्याचा माणूस असो की गावाकडून पिकअप घ्यायला आलेला तरुण, उत्तर मिळतं ते फाळक्यावरचं नाव वाचून. नवीन गाडी घेणाऱ्याची फसगत इथूनच सुरू होते, कारण प्रत्येक कंपनीच्या आकड्याचा अर्थ वेगळा आहे.

महिंद्राची बोलेरो मॅक्स एचडी २.० एल घ्या. २.० म्हटलं की अनेकांना इंजिन वाटतं. इंजिन अडीच लिटरचं आहे. २.० म्हणजे दोन टन माल, आणि 'एल' म्हणजे लांब हौदा, ३०५० मिमी, आपल्या भाषेत दहा फुटी. १.७ आणि १.३ हेही टनच. टाटा योद्धा २.० मध्येही आकडा दोन टनांचाच, इंजिन २.२ लिटरचं. पण त्याच टाटाच्या इंट्राकडे वळलात तर हा हिशेब मोडतो. व्ही१० एक टनाची, व्ही३० तेराशे किलोची, व्ही५० दीड टनाची. व्ही५० हे नाव ऐकून पाच टन समजू नका. अशोक लेलँडच्या बडा दोस्त आय४ मधला ४ हाही टन नव्हे, ती गाडी दोन टनांच्या आतलीच. अमेरिकेत फोर्ड एफ-१५०, २५०, ३५० या गाड्यांना आजही अर्धा टन, पाऊण टन, एक टन म्हणतात, आणि त्या प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त उचलतात. नाव जुनं राहतं, गाडी बदलते.

म्हणून नाव बाजूला ठेवा आणि आरसीवरची दोन वजनं बघा. एक रिकाम्या गाडीचं, दुसरं मालासकटचं एकूण, म्हणजे जीव्हीडब्ल्यू. समजा एकूण वजन ३,४९० किलो आणि रिकामं १,८५०. वजाबाकी १,६४०. एवढंच तुम्हाला कायद्याने भरता येतं, आणि त्यात ड्रायव्हर आणि हमालही धरायचे. दोघांचे दीडशे किलो काढले तर उरले १,४९०, म्हणजे ५० किलोच्या एकोणतीस गोण्या. त्यात हौद्यावर लोखंडी जाळी आणि ताडपत्रीच्या कमानी बसवल्या की आणखी शंभर-दीडशे किलो जातात. त्या दोन-तीन गोण्या तुम्ही रोज गमावता, याचा विचार फॅब्रिकेशनवाल्याकडे जाण्याआधी करा.

पाट्यात एक पाटा वाढवला की पासिंग वाढली, असं मानणारे पुष्कळ आहेत. पाटा वाढवल्याने गाडी बसत नाही एवढंच. ब्रेक, ॲक्सल, टायर तेच राहतात आणि आरसीवरचा आकडाही तोच राहतो. ओव्हरलोडचा दंड २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च तुमचा. हौद्याबाहेर किंवा ठरलेल्या उंचीवर माल गेला तरी २० हजारच. कडबा वाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण त्यांची गाडी वजनात बसते आणि उंचीत अडकते.

निवड मालावरून करा. कांदा, डाळिंबाचे क्रेट, सिमेंट यांना टन लागतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी आणि टॉवेलच्या गाठी उचलणाऱ्याला टनांपेक्षा लांबी महत्त्वाची. हौदा आधी भरतो, वजन नंतर. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, तेव्हा लहान आणि मधल्या मॉडेलमध्ये घुटमळत असाल तर ही रेघ बघून घ्या. लायसनची चिंता मात्र नको. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसनवर चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि तुमची जीएसटी नोंदणी असेल तर तोही परत वळवता येतो. कारच्या बाबतीत ही सोय नाही. उलट बाजूला, महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून या गाड्यांचा कर वजनावर न लागता किमतीच्या सात टक्के झाला. दहा लाखांच्या पिकअपला जिथे वीस हजारांच्या आसपास भरावे लागत, तिथे आता ७० हजार. शोरूमच्या कोटेशनमध्ये ही ओळ वेगळी लिहून घ्या.

थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकात भाड्याच्या गाडीला १६,०४९ रुपये आणि फक्त स्वतःचा माल वाहणाऱ्या गाडीला ८,५१० रुपये होता. पैसे वाचवायला 'स्वतःचा माल' लिहून भाडं मारू नका. अपघात झाला की क्लेम तिथेच अडतो. आठ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १७,४०० रुपये, म्हणजे व्याजाचेच दोन लाख चाळीस हजारांवर. पुण्याची एक खेप जाऊन-येऊन ५०० किलोमीटर. भरल्या गाडीला लिटरमागे १२ किलोमीटर आणि डिझेल ९२ रुपये धरलं तर ३,८०० रुपये डिझेलचे. टोल, ड्रायव्हर, टायर वेगळे. येताना गाडी रिकामी असेल तर हे सगळं जातानाच्या भाड्यातून निघायला हवं. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. सेकंडहँड घेणाऱ्याने हा खर्च आधीच धरावा.

टोकन देण्याआधी विक्रेत्याकडून त्याच मॉडेलचं रिकामं वजन आणि एकूण वजन लेखी घ्या. गाडी ताब्यात आल्यावर जाळी बसवा, टाकी भरा आणि जवळच्या काट्यावर एकदा रिकामी तोलून पावती आरसीसोबत ठेवा.