मुलांच्या खेळाला नियमांचे कुंपण
(अमेरिकेतील ‘लिटल लीग’ बेसबॉलवरून एक पाठ)



तोडणीचा कार्यक्रम लावताना लागणीची तारीख आणि नोंद का पाहतात, हे आपणांस सांगायला नको. ज्याचा आवाज मोठा त्याचा ऊस आधी, असे झाले तर लहान सभासदाचा ऊस उभ्या फडात वाळायचा. म्हणजे नियम हा दांडग्यासाठी नसतो, तो मागे राहणाऱ्यासाठी असतो. हीच गोष्ट मुलांच्या खेळालाही लागू पडते. सुट्टीत गावोगाव पोरांचे सामने भरतात, शाळांच्या स्पर्धा होतात. त्यांत दोन-चार तरबेज पोरे खेळतात आणि बाकीची बाकावर बसून टाळ्या वाजवतात. जे खेळते, त्याच्याकडून जीव जाईस्तोवर खेळवून घेतात. यावर उपाय काय? अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉलसाठी जे नियम केले आहेत, त्यांची माहिती या लेखात देण्याचे आम्ही योजिले आहे. बेसबॉल हा खेळ व त्याचा भाऊ सॉफ्टबॉल आपल्या शालेय स्पर्धांतही आहेत, तेव्हा विषय अगदीच परका नाही.

१. खेळाची तोंडओळख

बेसबॉलमध्ये नऊ-नऊ जणांचे दोन संघ असतात. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात, त्यांना ‘बेस’ म्हणतात. एक जण चेंडू फेकतो तो पिचर. समोरचा बॅटने टोलवतो तो बॅटर. त्याच्या पाठीमागे बसून चेंडू झेलतो तो कॅचर. टोला बसला की बॅटरने पळत सुटायचे. चारही ठाणी फिरून मूळ जागी आला की एक धाव. तीन गडी बाद झाले की संघाची पाळी संपली. दोन्ही संघांची एकेक पाळी झाली म्हणजे एक डाव.

क्रिकेटमध्ये गोलंदाज सहा चेंडू टाकून विसावतो, दुसरा येतो. इथे तसे नाही. पिचर बदलला नाही तर तोच टाकत राहतो, तेही पूर्ण ताकदीने. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सगळा हिशेब यावर आहे.

२. लीग कशी सुरू झाली

पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट गावी कार्ल स्टॉट्झ नावाचा एक साधा नोकरदार माणूस होता. आपल्या भाच्या-पुतण्यांना मोठ्यांच्या मैदानावर खेळता येत नाही हे पाहून त्याने १९३८ साली मुलांना जमवले. घडी घातलेली वर्तमानपत्रे ठाणी म्हणून मांडली आणि मुलांना पळवून पाहिले. अंतर कमी-जास्त करीत मुलांच्या पायाला बेताचे माप त्याने ठरवले. १९३९ साली तीन संघ उभे राहिले. त्यांना गणवेशाचा खर्च देणाऱ्यांत एक दूध डेअरी, एक लाकडाची वखार आणि एक खाऊचा कारखाना होता. ६ जून १९३९ रोजी पहिला सामना झाला. आज ही चळवळ ऐंशीहून अधिक देशांत पसरली आहे.

गावची लीग चालवतात ती पगारी माणसे नव्हेत. आईबाप व शेजारीपाजारी विनामूल्य काम करतात. सभासदांची वार्षिक सभा होते आणि तीत संचालक मंडळ निवडले जाते. लीगच्या हद्दीत राहणारे अथवा हद्दीतील शाळेत जाणारे मूलच त्या लीगमध्ये घेतात, बाहेरून आयात चालत नाही.

३. पहिला नियम : मैदान मुलाच्या मापाचे

मोठ्यांच्या खेळात दोन ठाण्यांत ९० फूट अंतर असते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते ६० फूट. पिचरचे अंतर मोठ्यांना साडेसाठ फूट, मुलांना ४६ फूट. मोठ्यांचे नऊ डाव, मुलांचे सहा. चार डावांनंतर एक संघ दहा धावांनी पुढे असेल तर सामना थांबवतात. हरणाऱ्या पोरांची उगाच फजिती करायची नाही, हा त्यातला हेतू. बैलाचे जू वासराच्या मानेवर ठेवू नये, इतकी साधी ही गोष्ट आहे.

४. दुसरा नियम : प्रत्येकाला पाळी

हा नियम या सगळ्या व्यवस्थेचा प्राण आहे. सामन्याच्या सुरुवातीला हजर असलेल्या प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात खेळवलेच पाहिजे. किती? क्षेत्ररक्षणात समोरचे सहा गडी बाद होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन डाव, आणि हातात बॅट घेऊन किमान एकदा. संघात तेरा किंवा अधिक मुले हजर असतील तर सहाऐवजी तीन बाद. हवे तर लीगने सर्वच मुलांना फलंदाजीच्या क्रमात घालावे, अशीही सोय आहे.

आता कोणी म्हणेल, “नियम कागदावर असतात हो, पाळतो कोण?” तर इथे शिक्षा मुलाला नाही, संघ चालवणाऱ्या मोठ्या माणसाला आहे. ज्या मुलाची पाळी बुडाली, त्याला पुढच्या सामन्यात सुरुवातीलाच उतरवायचे आणि राहिलेली पाळी भरून द्यायची. व्यवस्थापकाला पहिल्या चुकीला लेखी ताकीद, दुसरीला एक सामना बंदी, तिसरीला हंगामभर घरी बसायचे. दंड कोणाला करायचा हे नीट ठरवले, तर नियम आपोआप पाळला जातो.

५. तिसरा नियम : चेंडूंचा हिशेब

वाढत्या मुलाच्या हाडाच्या टोकाला कूर्चेचा एक मऊ थर असतो. हाडाची वाढ तिथून होते. वाढ पुरी झाली की तो थर हाडात मिसळून घट्ट होतो. तोपर्यंत मात्र सांध्यातला कच्चा दुवा तोच. पूर्ण ताकदीने चेंडू फेकताना कोपराच्या आतल्या बाजूला मोठा ताण बसतो. एका फेकीने काही होत नाही, पण शेकडो फेकी झाल्या व मध्ये विश्रांती नाही मिळाली, तर तो थर सुजतो आणि प्रसंगी हाडापासून सुटतो. या दुखण्याला १९६० सालापासून डॉक्टरी पुस्तकांत ‘लिटल लीगरचे कोपर’ असे नावच पडले आहे.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात डॉ. ग्लेन फ्लायसिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ ते १४ वर्षांच्या ४८१ पिचर मुलांची दहा वर्षे नोंद ठेवली. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा : वर्षात शंभराहून अधिक डाव चेंडू फेकणाऱ्या मुलांना गंभीर इजा होण्याचा धोका इतरांच्या साडेतीनपट होता.

पूर्वी लिटल लीगमध्ये पिचरने किती डाव फेकावे एवढीच मर्यादा होती. पण एक डाव आठ चेंडूंतही संपतो आणि चाळीसही घेतो. म्हणून २००७ सालापासून डाव मोजणे सोडून चेंडूच मोजू लागले. एका दिवसातील कमाल चेंडू असे :

७ ते ८ वर्षे – ५०
९ ते १० वर्षे – ७५
११ ते १२ वर्षे – ८५
१३ ते १६ वर्षे – ९५

नुसती मर्यादा घालून भागत नाही, मागे विश्रांतीही हवी. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती अशी : २० चेंडूंपर्यंत विश्रांतीची सक्ती नाही, २१ ते ३५ चेंडूंना एक दिवस, ३६ ते ५० ला दोन दिवस, ५१ ते ६५ ला तीन दिवस आणि ६६ व त्यापुढे चार दिवस.

एक उदाहरण सोडवून पाहू. अकरा वर्षांच्या मुलाने शनिवारी ५८ चेंडू फेकले. त्याला तीन दिवस विश्रांती हवी : रविवार, सोमवार, मंगळवार. म्हणजे तो बुधवारी पुन्हा पिचर होऊ शकेल. मंगळवारी अंतिम सामना आला तरी त्याच्या हाती चेंडू द्यायचा नाही. इथेच नियमाची खरी कसोटी लागते.

कॅचरही प्रत्येक चेंडू परत फेकत असतो, त्याचा खांदाही शिणतो. म्हणून ज्याने ४१ किंवा अधिक चेंडू फेकले, त्याला त्या दिवशी कॅचर करायचे नाही. चार डाव कॅचर राहिलेल्याला त्या दिवशी पिचर करायचे नाही. शेताला जशी पड द्यावी लागते, तशी हाताला उसंत द्यावी लागते.

६. चौथा नियम : इजा आधी टाळावी

बॅटरच्या डोक्यावर हेल्मेट हवेच, तेही दोन्ही कान झाकणारे. बारा वर्षांपर्यंतच्या गटात, ज्याची पाळी चालू आहे त्याच्याशिवाय कोणी बॅट हातात धरायची नाही. बाजूला उभे राहून बॅट फिरवणाऱ्या मुलामुळेच दुसऱ्याचे डोके फुटते. पुढच्या ठाण्यावर डोके पुढे करून झेप घ्यायची नाही, पाय पुढे करून घसरायचे. ठाणे जमिनीत पक्के रोवलेले नसावे. जोराचा धक्का बसला की सुटणारे असावे, म्हणजे घोटा वाचतो. मुलांसोबत काम करणाऱ्या मोठ्या माणसांची पूर्वचौकशी दर वर्षी करतात. ती झाल्याखेरीज कोणालाही मुलांजवळ जबाबदारी मिळत नाही.

७. नियम चुकतो तेव्हा

नियम म्हणजे देववाणी नव्हे. नियमही चुकतात, आणि नियमाच्या आड अन्यायही दडतो. १९५५ साली साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटनमध्ये कॅनन स्ट्रीट वायएमसीएचा कृष्णवर्णीय मुलांचा संघ स्पर्धेत उतरला. त्याच्याशी खेळायला नको म्हणून गोऱ्या मुलांच्या संघांनी माघार घेतली. मुले न खेळताच राज्याची विजेती ठरली. पुढे नियम आडवा आला : मैदानावर सामना न जिंकता वरच्या फेरीत जाता येत नाही! मुलांना विल्यम्सपोर्टला पाहुणे म्हणून बोलावले. “खेळू द्या त्यांना” असा पुकारा प्रेक्षकांनी केला. पण बारा वर्षांची ती पोरे गणवेश घालून दुसऱ्यांचा खेळ बघत बसली. त्यांना राज्यविजेतेपदाचा मान मिळाला तो २००२ साली. तोवर ती पन्नाशीच्या पुढे गेली होती.

मुलींचेही तेच. १९५१ पासून मुलींना बंदी होती. १९७२ साली न्यू जर्सीतील होबोकेन गावची मारिया पेपे तीन सामने खेळली, तर तिला काढा, नाहीतर लीगची मान्यता जाईल, असा बडगा वरून आला. प्रकरण न्यायालयात गेले, निकाल मुलींच्या बाजूने लागला आणि १९७४ साली दार उघडले. पुढे २०१४ साली मोने डेव्हिस या मुलीने जागतिक स्पर्धेत समोरच्या संघाला एकही धाव न देता सामना जिंकून दिला.

तिसरा प्रकार लबाडीचा. २००१ साली न्यूयॉर्कच्या एका संघातला सर्वांत भारी पिचर बारा नव्हे, चौदा वर्षांचा निघाला. जन्मतारखेचा कागद खोटा होता. संघाचे सारे विजय रद्द झाले. कागद मोठ्यांनी केला, पण नाचक्की मुलांच्या पदरी आली. वयाच्या दाखल्यात फेरफार म्हणजे ‘किरकोळ गोष्ट’ समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

८. आपण काय घ्यावे

बेसबॉल आपल्या गावात रुजो वा न रुजो, त्यातले मर्म घेता येण्यासारखे आहे. क्रिकेटमधल्या कोवळ्या जलद गोलंदाजाची पाठ अति गोलंदाजीने दुखावते, मणक्याच्या हाडाला चीर जाते, हे डॉक्टर सांगतातच. गावच्या मंडळांनी व शाळांनी मुलांचे सामने भरवताना पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात :

(अ) हजर प्रत्येक मुलाला किमान एकदा फलंदाजी आणि ठराविक वेळ क्षेत्ररक्षण मिळावे.
(आ) गोलंदाजाने किती चेंडू टाकले याची वेगळी वही असावी, व ती दुसऱ्या दिवशीच्या सामन्याआधी पंचाने पाहावी.
(इ) मैदानाचे माप, चेंडू व बॅट वयाप्रमाणे असावी.
(ई) वय शाळेच्या दाखल्यावरून ठरवावे.
(उ) नियम मोडल्यास शिक्षा मुलाला नको, संघ चालवणाऱ्याला करावी.
(ऊ) मुलींना वगळू नये.
(ए) मुलाने ‘हात दुखतो’ म्हटले की सामना कोणताही असो, त्याला बसवावे. दुखणे लपवणाऱ्या मुलाला शाबासकी देऊ नये.

यांतल्या एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि करंडकापेक्षा पोर मोठे मानणारी दोन-चार शहाणी माणसे, एवढे भांडवल पुरे आहे. करंडक कपाटात धूळ खात राहतो. पोराचा हात मात्र पुढे पन्नास वर्षे त्याला चालवायचा असतो. येत्या सुट्टीतील सामन्यांपूर्वी प्रत्येक गावच्या मंडळाने हे नियम आपल्या बैठकीत वाचून घ्यावेत, ही आमची सर्व सभासदांना विनंती आहे.