चीनची आयात आणि आमचा ट्रक

अर्थशास्त्राच्या पेपरात आयातीवर प्रश्न आला की आपलं उत्तर ठरलेलं असतं: आयात वाढली की परकीय चलन बाहेर जातं, तूट वाढते, म्हणून आयात वाईट. मीही तेच लिहायचो. पण आमचं घर कितीतरी वर्षं दुसऱ्या एका देशाच्या आयातीवर चाललं होतं, हे मला कॉलेजात आल्यावर कळलं.

आमचं गाव डिचोली तालुक्यात. बाबांचा ट्रक होता, बँकेच्या कर्जावर घेतलेला. खाणीवर खनिज भरायचं, नदीकाठच्या जेटीवर ओतायचं. तिथून बार्जने मुरगावला आणि पुढे जहाजाने परदेशी. जितक्या फेऱ्या तितके पैसे.

आधी शब्द समजून घेऊ. 'आयात' म्हणजे आत आलेलं, 'निर्यात' म्हणजे बाहेर गेलेलं. माल एकच; कुठल्या दारात उभे राहून बघता त्यावर त्याचं नाव ठरतं. वस्तूंच्या आयातीत तेल, धान्य, यंत्रं, खनिज असा हाताला लागणारा माल मोजतात. पर्यटन, विमा, सॉफ्टवेअर या सेवा वेगळ्या धरतात.

पूर्वी जगातला मोठा खरेदीदार म्हणजे श्रीमंत देश. विकसनशील देशांनी कच्चा माल विकायचा आणि श्रीमंतांनी घ्यायचा, अशी रीत. गोव्याचं खनिजही पोर्तुगीज अमलात, 1950 च्या दशकात, जपानला जाऊ लागलं. पुढे चित्र पालटलं. 2000 च्या सुमारास जगाच्या वस्तू-आयातीत विकसनशील देशांचा वाटा 30 टक्क्यांच्या आसपास होता. 2012 पर्यंत तो 40 टक्क्यांच्या वर गेला. यात सर्वांत मोठा हात चीनचा. 2001 च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि 2009 मध्ये अमेरिकेनंतरचा सर्वांत मोठा आयातदार झाला.

2009 हे वर्ष नीट बघण्यासारखं आहे. मंदीमुळे त्या वर्षी जगाचा वस्तुव्यापार सुमारे 12 टक्क्यांनी आकसला. पण चीनने 2008 च्या नोव्हेंबरात 4 लाख कोटी युआनची योजना जाहीर केली होती. रस्ते, रेल्वे, इमारती उभ्या राहू लागल्या. त्यांना पोलाद हवं आणि पोलादाला लोहखनिज. 2009 मध्ये चीनने 60 कोटी टनांहून अधिक लोहखनिज आणलं. गोव्याचं खनिज हलक्या प्रतीचं, देशात त्याला फारसं गिऱ्हाईक नाही. चिनी कारखाने ते चांगल्या प्रतीच्या खनिजात मिसळून वापरत. जग मंदीत होतं आणि आमच्या गावात नवी घरं उठत होती!

2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. मी तेव्हा दुसरीत होतो. ट्रक अंगणात उभा राहिला, हप्ते थकले. खाणींनी शेतात गाळ आणला, विहिरी आटवल्या, बेकायदा उपसा झाला, हेही तितकंच खरं. बाबा म्हणायचे, "बंदी उठू दे, सगळं परत सुरू होतलं."

2014 च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. पण पूर्वीसारखं काही सुरू झालं नाही. का? 2011 च्या सुरुवातीला चीनच्या बाजारात चांगल्या प्रतीच्या खनिजाला टनाला 180 डॉलरच्या पुढे भाव होता. 2015 च्या डिसेंबरात तो 40 डॉलरच्या खाली आला. चीनची बांधकामं मंदावली होती आणि ऑस्ट्रेलियाचा स्वस्त माल भरपूर येत होता. भाव असा पडल्यावर हलक्या मालाला कोण विचारणार? 2018 मध्ये खाणपट्टे रद्द झाले, त्याआधीच बाबांनी ट्रक विकला होता.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली: विकसनशील देशांची सगळी आयात त्यांच्या स्वतःच्या उपभोगासाठी नसते. चीन तैवान-कोरियाच्या चिप आणतो, फोन जोडतो आणि अमेरिकेला विकतो. म्हणजे त्या आयातीमागची मागणी बऱ्याच अंशी श्रीमंतांचीच. दुसरी: हा वाटा सारखा वाटलेला नाही. सर्वांत गरीब, अल्पविकसित देशांच्या वाट्याला जागतिक आयातीचा जेमतेम एक-दीड टक्का येतो. 'विकसनशील देशांची आयात वाढली' या वाक्यात बराचसा चीनच बोलत असतो.

मग आयात वाईट का? माझं उत्तर आता असं: आयात म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी रोजी. आपण इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल आणतो, तेव्हा तिथल्या एखाद्या ट्रकवाल्याचं घर आपल्या कढईवर चालत असतं. धोका आहे तो एकाच गिऱ्हाइकावर आणि एकाच मालावर विसंबण्यात. त्या गिऱ्हाइकाने हात आखडला तर कोर्टाचा निकाल बाजूने लागूनही ट्रक हलत नाही.

बाबा अजून म्हणतात, बंदीने आपल्याला बुडवलं. मी वाद घालत नाही. पण ती किमतींची आकडेवारी एकदा त्यांच्यासमोर ठेवणार आहे.